पु-एरला लागलेला वास

साहिल हे कुणाला सांगणारच नव्हता, लिहिणं तर लांबच. पण अनुपमा मॅडमनी चहाचं पहिलं पाणी अंगणात ओतून दिलं, तिथपासूनचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"अगो बाय, चहाच फेकलास?" साहिलची आई, राहीबाई, पडवीतून म्हणाली.

"म्हातारा हाय काकी तो. आधी आंघोळ लागते," दीपक म्हणाला.

दीपक साहिलचा शाळेपासूनचा दोस्त, मुंबईत मॅडमच्या चहाच्या दुकानात कामाला. वीस वर्षं मुरलेला हा चिनी पु-एर चहा, शेणीसारखी काळी चपटी वडी, पोलादपूरच्या दमट हवेत आणखी कसा मुरतो ते मॅडमना बघायचं होतं. जमलं तर इथंच चहा मुरवायची कोठी काढायची, आणि दीपकने गावी येऊन ती सांभाळायची. दोन वर्षांपूर्वी वडी साहिलकडे देताना दीपकने बजावलं होतं, "कपाटात एकटी ठेव. वास लगेच धरते."

मॅडमनी घोट घेतला. जिभेवर फिरवला. पेला खाली ठेवला.

"धूर आहे. आणि... सुकट?"

साहिलची कानशिलं तापली. पहिल्याच पावसाळ्यात वेष्टनावर पांढरा ठिपका दिसला आणि तो घाबरला. बियाणं, सुकट, असं बुरशीपासून जे जे वाचवायचं ते घरात चुलीवरच टांगतात. त्याने वडीही टांगली. दीपक फोनवर विचारायचा तेव्हा मात्र म्हणायचा, "कपाटात हाय रे, टेन्शन नको."

"आमच्या चुलीवर..." राहीबाईने तोंड उघडलं.

"आये, पाणी आण आधी."

दीपकने आतल्या चुलीकडे बघितलं. मग साहिलकडे.

"माझी चूक, मॅडम. मी आणली ती पिशवीच सुकटीची होती."

"दोन वर्षं वाया गेली, दीपक," मॅडम म्हणाल्या. एवढंच. त्यांची गाडी गोव्याला जायला कशेडी घाटाकडे वळली.

साहिलने दीपकला बाईकवरून एसटी स्टँडवर सोडलं. सगळा रस्ता तो दीपकच्या शिवीची वाट बघत होता. ती आलीच नाही.

"तू ओळखलंस?"

"तुमच्यात जेवून वाढलो मी. तुमच्या चुलीचा वास मला नाय कळणार?"

"मग गप का बसलास?"

"तू बसलास म्हणून."

मुंबईची एसटी लागली. दीपकने बॅग उचलली. साहिलने तिचा पट्टा धरला.

"मॅडमचा नंबर दे. त्या गोव्याला पोचायच्या आत सांगतो."

"काय सांगशील?"

"चुलीवर टांगली ते. आणि तुला दोन वर्षं खोटं बोललो ते पण. तुझी शप्पथ, दीपक."