खिडकीची सुतळी

"झेंड्याचा अर्थ काय?" मी विचारलं आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "शौर्य, शांती, समृद्धी!" माझं डोकंच सणकलं. शब्द तोंडपाठ, पण एकाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नाही!

"मिटा ती पुस्तकं," मी म्हटलं. "आज आपल्या वर्गाचा झेंडा काढायचा. काय हवं त्यावर?"

एकच गलका झाला. वाघ! सूर्य! तलवार!

"वर्गात वाघ कुठे पाहिलात रे?" मी विचारलं.

तेवढ्यात, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, सगळे जिला चिमणी म्हणतात ती पोरगी उभी राहिली. "बाई, सुतळी!"

टाळ्याच टाळ्या! आमच्या खिडकीची कडी वर्षभर तुटलेली आहे. वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून तिला सुतळी बांधलीय आणि ती धरून बसायची रोज एकाची पाळी असते. अगदी परीक्षेतसुद्धा! मी फळाभर सुतळी काढली, गाठीसकट.

घंटा झाली. गणिताचे सर आत आले आणि सवयीने त्यांनी डस्टर उचललं.

"सर, पुसू नका!" अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला.

सर दचकलेच. "अरे, साधी सुतळी तर आहे!"

"झेंडा तरी काय, सर?" चिमणी म्हणाली. "साधं कापडच असतं ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, डस्टर हळूच खाली ठेवलं आणि त्या दिवशीचं गणित तोंडी घेतलं.