उताराची सवय

लायसनची परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "गाडी बाजूला घ्या," आणि सत्यशीला उतार शोधू लागली.

मैदान सपाट होतं. पण सपाटीला गाडी उभी करणं तिच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. नेकनूरच्या मोहनरावांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, जीपला स्टार्टर होता. तो चालत मात्र नव्हता. सुनेला गाडी शिकवताना त्यांनी पहिला धडा तोच दिला होता. "तोंड उताराकडं करून गिअरमधी लावायची. निघताना क्लच दाबायचा, गाडी घरंगळली की सोडायचा. आपोआप चालू होती." लग्न असो की मयत, मोहनराव आधी उतार बघायचे, मग माणसं.

मागच्या खेपेला ती ह्याच परीक्षेत नापास झाली होती. शाळेची व्हॅन चालवायला तिला घेणार होते. पण सोमवारपर्यंत परीक्षा पास झाली नाही तर ती जागा सरपंचाच्या मेहुण्याला. त्याच्याकडं लायसन होतं. गाडी येत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आजची गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती, किल्ली फिरवली की चालू होणारी. हे डोक्याला कळत होतं, पायांना कळत नव्हतं. तिनं डावीकडचा दिवा लावला, तिसऱ्याचा दुसरा गिअर केला आणि गाडी तशीच पुढं नेली.

"बाजूला म्हणलं मी."

"घेते, साहेब."

"कुठं? आष्टीला?"

तेवढ्यात मैदानाच्या टोकाला उतार दिसला. तिनं गाडी तिकडं वळवली. पण तिला घेऊन आलेली सासऱ्यांची जीप उतारावर चाकाला दगड लावून आधीच उभी होती. तिच्या मागं हातभर अंतरावर गाडी थांबली. हँडब्रेक ओढला, दुसरा गिअर ठेवला, इंजिन बंद केलं.

"एवढं मैदान सोडून ह्या खटाऱ्याच्या बुडाला कावून थांबल्या?"

"उतार हाय, साहेब."

साहेबांनी दोन्ही गाड्यांमधलं हातभर अंतर पाहिलं. मग म्हणाले, "आता मागं घ्या."

क्लच दाबून तिनं गाडी चालू केली. रिव्हर्स टाकला. क्लच हळूहळू सोडला, इंजिनाचा आवाज जड झाला. हँडब्रेक खाली केला. गाडी पुढंही जाईना, मागंही येईना. समोर जीपमध्ये मोहनरावांनी वळून पाहिलं आणि दोन्ही हातांनी टोपी धरली. सत्यशीलानं ॲक्सिलरेटर हळूच दाबला. गाडी इंचभरही पुढं न सरकता मागं चढली.

साहेबांनी कागदावर खूण केली. "पास. पुढच्या वेळी सांगितलं तिथं थांबा." मग खाली उतरून जीपकडं हात केला. "काका, ही हलवा. मागं माणसं खोळंबलीत."

साहेबांनीच सांगितल्यावर मोहनराव गडबडले. दगड काढला, परत आत चढले, जीप घरंगळली, त्यांनी क्लच घाईत सोडला. जीप दोनदा खोकली आणि उताराखालून जाणाऱ्या परीक्षेच्या वाटेवर, बरोबर मधोमध, सपाटीला आडवी थांबली.

"सून पास झाली न्हवं?" मोहनराव खाली उतरत म्हणाले. "मग तिलाच बसू द्या. मी ढकलतो."

सत्यशीला जीपमध्ये बसली, पण एकट्याच्यानं जीप हलेना. साहेबांनी रांगेकडं पाहिलं. जीपकडं पाहिलं. पेन खिशाला लावलं आणि बाह्या वर केल्या.

"दुसरा टाका," ते मागून म्हणाले.

"टाकलाय, साहेब. तुमी जोर लावा."