एकही खटला न हरलेला वकील

टण्ण! वकिलांच्या बाहेरच्या खोलीतली पितळी घंटा वाजली आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं टाळ्या पिटू लागली. अजिंक्यसाहेबांचा आणखी एक अशील जिंकला होता! घंटा वाजवणारे आजोबा फोटोसाठी कसनुसं हसले. असे हसरे चेहरे भिंतीवर पार छतापर्यंत चढले होते. त्यांच्या डोक्यावर ठळक पाटी होती : ‘वीस वर्षांत एकही खटला हरलेलो नाही.’ आपल्यालाही गुण यावा म्हणून एका बाईने घंटेवरून हळूच हात फिरवला.

पहिल्या दिवशी बेकरीवाल्यानेही असाच हात फिरवला होता. जागामालक त्याला बेकरीतून हुसकावू पाहत होता. भट्टी बापाने बांधलेली, ती काही पाठीवर टाकून नेता येत नाही. भट्टी गेली की धंदा बसला. म्हणून पाटी वाचली, सगळी कागदपत्रं साहेबांच्या हवाली केली आणि हा भला माणूस निर्धास्त झाला होता.

आज त्याला आत बोलावलं. सोबत त्याची डॉक्टर ताई होती.

“अभिनंदन!” साहेब म्हणाले. “तडजोड जमवली. जागा सोडायला चांगले तीन महिने! याला म्हणतात विजय. करा सही.”

“पण साहेब, जागा तर जातेच आहे की!”

“जागा जाते, अब्रू राहते. माझ्याकडे आलेला माणूस हरत नाही. आणि सही करायची नसेल, तर मी वकीलपत्र सोडतो. उद्या कोर्टात एकटे उभे राहा.”

इकडे आड, तिकडे विहीर! पेन बेकरीवाल्याच्या हातात आपोआप आलं होतं. बाहेर फोटोवाला तयारच होता.

“एक विचारू?” ताई म्हणाली. “तुमच्या किती खटल्यांचा निकाल लागला?”

“हरलेला एकही...”

“हरलेले नाही विचारत. निकाल लागलेले.”

“निकालाची वेळच येऊ देत नाही मी!” साहेब छाती फुगवून म्हणाले आणि मग घाईघाईने सहीचा कागद पुढे सरकवू लागले.

ताई भावाकडे वळली. “आमच्याकडे एक दवाखाना होता. ‘इथे रुग्ण दगावत नाही’ म्हणायचा. खरंच नव्हता दगावत. घरघर लागली की सांगायचे, घरी न्या. माणसं मरायची ती घरी.”

“माझ्या पाटीवर एक अक्षर खोटं दाखवा!”

“तीच तर हातचलाखी. फसगत होणार असेल, तर खरी गोष्टसुद्धा मिरवायची नाही, असा तुमच्या वकिलांचाच नियम आहे ना?”

बेकरीवाला पेन ठेवून बाहेर आला.

“आजोबा, तुम्ही काय जिंकलात हो?”

आजोबा जरा गोंधळले. “घर सोडायला चार महिने मिळाले.”

कोपऱ्यातला एक रिक्षावाला भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, “तो माझा मेहुणा. त्याची तर जमीन गेली.”

“मग फोटोत हसतोय कशाला?” बेकरीवाल्याने विचारलं.

“सगळे टाळ्या वाजवतात. मग काय करणार, हसावंच लागतं,” आजोबा म्हणाले.

घंटेवर हात फिरवणारी बाई उठली आणि आपले कागद मागू लागली. तिच्यामागे दुसरा उठला, मग तिसरा. साहेब दारात येऊन गरजले, “उद्या हराल!”

“हरेनही,” बेकरीवाला म्हणाला. “नव्या वकिलासाठी मुदत मागेन, नाही मिळाली तर स्वतः बोलेन. पण भट्टी राहणार की जाणार, ते न्यायाधीश ठरवतील. माझे कागद द्या.”

वाचकहो, चमत्कार करायला भगवी कफनीच लागते असं नाही, काळा कोटही पुरतो. कुणी म्हणालं, ‘मी कधीच हरलो नाही,’ तर नमस्कार घालण्याआधी एवढंच विचारा : बाबा रे, तू लढलास कधी?