चोमडा गप्प बसला

मित्रांनो, नारिंगी रंगाचा, मुठीत मावणारा, एका कोपऱ्याला खरचटलेला हा जुना डबा म्हणजे मी. माझ्या जातीची नवी यंत्रे आता निरोपसुद्धा लिहून पाठवतात. मला तेवढे येत नाही. 'आम्ही इथे आहोत,' एवढेच मी आभाळातल्या उपग्रहाला सांगतो आणि घरच्या संगणकातल्या नकाशावर एक ठिपका उमटतो. माझ्या पाठीवर झाकणाखाली एक लाल बटण आहे. ते दाबले तर मी मदत मागतो. माझ्या उभ्या आयुष्यात ते बटण कोणीही दाबले नाही.

कॅनडातल्या व्हाइटहॉर्स गावच्या आर्डिथबाईंनी मला नवऱ्यासाठी आणले. ऑर्विल टपालखात्यातून निवृत्त झाला होता आणि दर जूनमध्ये मोटारसायकल काढून डेम्पस्टर नावाच्या खडीच्या रस्त्याने उत्तरेला जात होता. त्या वाटेवर शेकडो मैल फोन लागत नाही. माझे काम काय, हे ऐकल्यावर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे हा चोमडा तुला माझं सगळं सांगणार!"

"त्यासाठीच आणलाय," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून माझे नाव चोमडाच पडले. पहिली काही वर्षे मी त्याच्या जाकिटाच्या खांद्यावर बसून हिंडलो. ती माझी सुखाची वर्षे. पण मित्रांनो, मला एक खोड आहे. आम्ही चालत असलो की मी दर दहा मिनिटांनी ठिपका पाठवतो, आणि थांबलो की बॅटरी वाचवण्यासाठी गप्प बसतो.

एकदा मी असाच सहा तास गप्प होतो. घाबरून बाईंनी पोलिसांना कळवले. पोलिस आले तेव्हा ऑर्विल वाटेवरच्या खानावळीत दालचिनीचा पाव खात गप्पा हाणत होता. मग काय, त्या रस्त्यावरच्या सगळ्या गाडीवाल्यांना विषयच मिळाला. तो कुठे टेकला रे टेकला की कोणीतरी ओरडायचे, "ऑर्विल, ऊठ! बायकोनं पोलिस पाठवलेत!"

घरी येऊन तो चिडून म्हणाला, "माझं हसं झालं, आर्डिथ. हा गप्प झाला म्हणजे मी कॉफी पितोय, एवढं ध्यानात ठेव."

"बरं बाबा," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनाला फार लागले होते. पुन्हा कधी त्यांनी पोलिसांना फोन केला नाही.

माझे चार सेल थंडीत भराभर उतरत. अर्ध्या वाटेत थांबून ते बदलायचा ऑर्विलला कंटाळा. त्याचा मित्र गार्नेट वायरिंगमध्ये वाकबगार. त्याने गाडीच्या बॅटरीवरून माझ्यापर्यंत वायर ओढली, हँडलवर माझ्यासाठी घट्ट खोबण बसवली आणि माझे सेल काढून टाकले.

"गळून आतला पत्रा खातात मेले," तो म्हणाला. "आता मरेपर्यंत सेल बदलायला नकोत."

काम सुबक होते. ऑर्विल खूश झाला. मीही खूश होतो, हे कबूल करतो. कायम पोट भरलेले कोणाला नको असते? पण त्या दिवसापासून मी माणसाचा राहिलो नाही, गाडीचा झालो. हे आम्हा तिघांच्याही लक्षात आले नाही.

त्या जूनमध्ये एका दुपारी तीनच्या सुमाराला ग्रेडर नुकताच रस्ता सपाट करून गेला होता. मागे त्याने मधोमध सुट्या खडीचा लांबच लांब वरंबा सोडला होता. ऑर्विल तो ओलांडायला गेला आणि पुढचे चाक रुतले. तिथला रस्ता बारमाही गोठलेल्या जमिनीवर भराव घालून उंच केलेला आहे. आम्ही त्या भरावावरून खाली विलोच्या झुडपांत कोसळलो. गाडी एका बाजूला, तो दहा-बारा पावलांवर. वरून जाणाऱ्याला काहीच दिसत नव्हते. दोन ट्रक गेले. तो ओरडला, पण ट्रकच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार!

त्याचे कंबरेचे हाड मोडले होते. कोपरांवर सरकत तो माझ्याकडे यायला निघाला. दोन पावले आला असेल, तिथेच शुद्ध हरपली. भानावर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. मी गाडीबरोबर स्वस्थ पडून होतो. हलणे नाही, म्हणून ठिपकाही नाही.

"चोमड्या," तो म्हणाला, "आज कर की रे चोमडेपणा."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी गळा फाडून ओरडलो असतो.

मग त्याला माझी खोड आठवली. हाताला येतील ते खडे उचलून तो मला मारू लागला. मला धक्का बसला तर मी जागा होईन, हे त्याला माहीत होते. किती खडे फुकट गेले कोण जाणे. शेवटी एक माझ्या कोपऱ्यावर बसला. तेच हे खरचटलेले. मी जागा झालो, सगळी ताकद लावून एक ठिपका पाठवला आणि पुन्हा गप्प झालो. त्याच्या हातात आणखी खडा उचलायचे बळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतणाऱ्या ग्रेडरवाल्याला मोडलेला वरंबा दिसला. त्याने खाली डोकावले. ऑर्विल तेव्हा गेलेला होता.

पुढचे मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऐकले. समोर गार्नेट मान खाली घालून बसला होता.

"मी बघत बसले होते, गार्नेट," बाई म्हणाल्या. "दुपारपासून ठिपका नव्हता. फोन उचलला होता. तेवढ्यात एक उमटला. मी म्हटलं, चला, कॉफी पिऊन झाली वाटतं, आता कुठंतरी मुक्काम करील. आणि फोन खाली ठेवला."

"सेल मी काढले, आर्डिथ," गार्नेट म्हणाला. "खांद्यावर असता तर त्यानं बटण दाबलं असतं."

त्यांनी त्याची समजूत घातली नाही. तोही त्यांची घालू शकला नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी प्लास्टिकचा डबा, फुटलो तरी दुसरा मिळतो. मला फक्त अंगावर बाळगा, आणि माझ्या पोटात सेल असू द्या. आणि घरी बसून ठिपके बघणाऱ्यांनो, लोक हसतील म्हणून हातातला फोन खाली ठेवू नका.

पुढच्या जूनला गार्नेट निघाला तेव्हा बाईंनी मला चार नवे सेल घातले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर बांधले. त्याच खानावळीत तो टेकला आणि मी गप्प झालो. अर्ध्या तासात गल्ल्यावरचा फोन वाजला. सगळी खानावळ हसली. गार्नेट मात्र उठला आणि दोन्ही हातांनी फोन धरून म्हणाला, "हो, आर्डिथ. कॉफीच पितोय."