चव बघण्यापुरतं

बुटांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ताईंचं राज्य होतं. राज्य म्हणजे काय, तर चार शेगड्या, लहान मूल बसवून न्हाऊ घालावं एवढाली पातेली, एक कायमचा गळका नळ आणि हाताखाली भाजी चिरायला एक बाई, सगळ्यांची 'भाजीवाली', जिच्या तोंडाचा पट्टा तिच्या सुरीपेक्षा जोरात चालायचा. पण राज्य ते राज्य. दुपारचा भोंगा झाला की अख्खा कारखाना हात धुऊन रांगेत उभा राहायचा, आणि ताईंची पळी कोणाच्या ताटात किती झुकते यावर त्या माणसाची उरलेली दुपार कशी जाणार ते ठरायचं.

अशा या ताईंच्या छातीत गेलं वर्षभर कोणीतरी पाचवी शेगडी पेटवून ठेवली होती.

आधी त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. वाकलं की घशाशी आंबट यायचं, रात्री आडवं झालं की जळजळ वर चढायची आणि खोकल्याची उबळ यायची. ताई पाण्यात सोडा घालून प्यायच्या, मोठ्ठी ढेकर द्यायच्या आणि "गेलं एकदाचं" म्हणायच्या. ते जायचं नाही, शेजारी जाऊन आल्यासारखं पुन्हा हजर व्हायचं. त्यात दिवसभर उभं राहून टाचा ठणकायच्या, म्हणून सकाळी उपाशीपोटी काळ्या कॉफीबरोबर दुखण्याची एक गोळी ठरलेली.

हेही निभलं असतं. पण तोंडाला सदा आंबट-कडू चव राहू लागली आणि तिथे राज्य डळमळलं. टोमॅटोचं सूप फार आंबट लागलं म्हणून ताईंनी त्यात साखर घातली, आणखी घातली. कातडी कापणाऱ्या विभागात एक आडदांड कारागीर होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. तो वाटी घेऊन परत आला.

"ताई, हे सूप आहे की सरबत? नाही, तसं असेल तर बर्फ घ्यायचा राहिलाय."

रांग हसली. ताईही हसल्या. पुढच्या आठवड्यात बटाट्याचा रस्सा असा काही खारट झाला की उस्तादला विनोदसुद्धा सुचला नाही. तो पाणी पीत बसला. त्याच्या विनोदापेक्षा ते गप्प बसणंच ताईंना जास्त लागलं.

मग साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण समोरच्याकडे न बघता टेबलावरच्या पेनाशी बोलायची त्याला सवय होती.

"ताई, तुमच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे," त्यांनी पेनाला सांगितलं.

चांगली बातमी कोणी आदरापासून सुरू करत नाही.

बातमी अशी होती की बाहेरची एक कंपनी बंद डब्यांतून तयार जेवण पाठवायला तयार आहे. कारखान्याचा वर्धापनदिन दोन-अडीच महिन्यांवर आलेला. त्या दिवशी मालक येतात, सगळ्या पाळ्या एकत्र जेवतात. "तो दिवस नीट पार पडला तर बघू. नाहीतर मग... तुम्हाला भांडारात काहीतरी काम देऊच आम्ही."

भांडारात! खिळे मोजायला! ताई घरी आल्या आणि त्या रात्री त्यांनी छातीवर हात ठेवून, उशीला टेकून, बसल्या बसल्याच सकाळ केली.

"हे काही खरं नाही," सासूबाई म्हणाल्या. "उद्या डॉक्टरकडे. मीही येते. तू काही धड सांगायची नाहीस."

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. पंचवीस वर्षांत त्यांनी सुनेच्या हातच्या एकाही पदार्थाला छान म्हटलेलं नव्हतं. "खाण्यासारखं झालंय" हा त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा पुरस्कार, आणि तोही दोन-तीनदाच दिलेला. जगाने ताईंच्या जेवणाची बोटं चाटावीत आणि या बाईने घास घोळवून, छताकडे बघून म्हणावं, "हं. हळद जरा कच्ची राहिली का गं?" वाईट हे की हळद खरंच जरा कच्ची राहिलेली असायची.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, मग दुर्बीण घालून आतूनही पाहिलं. जठराला सूज होती, अन्ननलिका खालच्या टोकाशी लालभडक झाली होती. दुखण्याची गोळी त्यांनी तिथल्या तिथे बंद केली. टाचांसाठी मऊ तळव्याच्या चपला घ्या म्हणाल्या. बुटांच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या बाईला हे कोणी आजवर सांगितलं नव्हतं. सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी औषध, सोड्याचं पाणी बंद, रात्री लवकर आणि थोडकं जेवण, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच.

"आणि दिवसभरात काय काय खाता?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "सकाळी कॉफी, रात्री जेवण. मध्ये वेळच कुठे असतो?"

"उपाशी राहू नका. थोडं थोडं खात जा."

ताईंनी मान डोलावली आणि पुढे अगदी शहाण्या मुलीसारखं सगळं केलं. म्हणजे, खाण्याचं सोडून. नवऱ्याने पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे दिले. पहिल्याच सकाळी तो स्वतः घसरत घसरत पायथ्याशी पोहोचला होता.

"अगं, मी बस चालवतो," डोळे चोळत तो म्हणाला. "उतारावर गाडी उभी करायची तर चाकाला दगड लावतात. मला काय लावणार?"

औषध सुरू होतं, ठोकळे होते, चपला होत्या. रात्रीचा खोकला जरा हटला. पण दुपार झाली की छातीतली शेगडी पुन्हा भडकायची आणि तोंडाची चव काही केल्या सुधरेना. डॉक्टरीणबाईही बुचकळ्यात पडल्या. वर्धापनदिन जवळ येत चालला होता.

सासूबाईंना मात्र संशय होता. सून चोरून काहीतरी खाते. पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून नव्हे, असंच आपलं. म्हणून एका सकाळी, "घरी बसून कंटाळा येतो बाई" असं म्हणत त्या सुनेबरोबर कँटीनला आल्या आणि बटाट्यांच्या पोत्यावर ठाण मांडून बसल्या. मांडीवर एक रिकामं पातेलं घेतलं.

"ते कशाला, आई?"

"असू दे. मला हातात काहीतरी लागतं."

ताई कामाला लागल्या. कांदा परतला, चमचाभर तोंडात टाकला. मसाला घातला, पुन्हा चमचा. सूप उकळलं, पळीतून फुंकर मारून घोट घेतला. लिंबू पिळलं, घोट. मिरची, घोट. मासे तळायला घेतले, पहिला तुकडा तोडून बघितला, तेल नीट तापल्यावर दुसरा. भाजीवाली म्हणाली, "ताई, मला तिखट वाटतंय," म्हणून पुन्हा. हात आपोआप वर जायचा, तोंड आपोआप उघडायचं. डोळ्यांची पापणी लवते तसं.

आणि प्रत्येक वेळी सासूबाई पोत्यावरून उठायच्या, त्याच भांड्यातून तेवढंच काढायच्या आणि आपल्या पातेल्यात ओतायच्या. भाजीवालीचा पट्टासुद्धा हे बघून थांबला होता.

दुपारची जेवणं उरकली. ताई छाती चोळत स्टुलावर टेकल्या. सासूबाईंनी पातेलं त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे घे. तुझं आजचं 'काही नाही'."

पातेलं पाऊण भरलं होतं. तेलाचा तवंग, त्यात टोमॅटो, मिरची, लिंबू, तळलेल्या माशाचे तुकडे, करपट कांदा, सगळं एकमेकांत कालवलेलं. नुसत्या वासाने ताईंच्या घशाशी आंबट आलं.

"शी! हे कोण खाईल?"

"तू खाल्लंस. उपाशीपोटी, उकळतं, उभ्या उभ्या. रोज खातेस."

"पण आई, ती तर चव बघितली! चव बघणं म्हणजे काय खाणं असतं का?"

"पोटाला काय माहीत, वरून काय ठरलंय ते!"

ताईंनी पातेल्याकडे पुन्हा बघितलं. उभं आयुष्य स्वयंपाकघरात गेलं, आणि तोंडात घातलेला चमचा पोटात जातो हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते काम होतं. शिंप्याने टाका घालावा तसं.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या आधी खळखळून हसल्या, मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं. आता असं करा. सकाळी नीट न्याहारी. ठरल्या वेळी दुपारचं जेवण, बसून. मधलं हे चमचा-चमचा बंद."

"अहो, पण मग मीठ कसं कळणार?"

"दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या."

दुसरं कोण? भाजीवालीला सगळंच झकास लागायचं. उस्तादला विचारावं तर त्याने अर्धं पातेलं संपवून मग विचार केला असता. ताईंच्या डोळ्यांसमोर एकच जीभ आली. सबंध जगात तिच्याइतकी खवचट आणि तिच्याइतकी खरी जीभ दुसरी नव्हती.

"आई," त्या घरी म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना काय वाटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, "तुम्ही येता का रोज? चव बघायला?"

सासूबाईंनी आश्चर्य दाखवायचा फार प्रयत्न केला. पण दुसऱ्या दिवशी ताई उठायच्या आत त्या चपला घालून दारात उभ्या होत्या.

झालं. पोत्याच्या जागी खुर्ची आली. सासूबाई एक चमचा जिभेवर घ्यायच्या, छताकडे बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "मीठ आणखी." "उकळी कमी पडली." "हे कोणी चिरलंय, डोळे मिटून?" भाजीवाली पाय आपटायची. ताईंचा हात सुरुवातीला सारखा चमच्याकडे जायचा आणि सासूबाई बघून न बघितल्यासारखं म्हणायच्या, "हात!"

दुपारी भोंग्याच्या आधी ताई ताट वाढून घेऊन बसायच्या. मऊ भात, बिनतिखटाची भाजी, शिजवलेली डाळ, छोटे छोटे घास. भोंग्याच्या आधी बसून जेवायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. पण आठवडे गेले तशी छातीतली शेगडी मंदावली. मग एके दिवशी संध्याकाळी घरी जाताना ताईंच्या लक्षात आलं की आज दिवसभर आपण छातीला हात लावलेलाच नाही. त्या रस्त्यात थांबल्या. मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळणारच होता.

"काय झालं?" सासूबाई दचकल्या.

"काही नाही. काहीच नाही हो, आई!" आणि ताई भर रस्त्यात अशा हसत सुटल्या की सासूबाईंनी आधी इकडे तिकडे बघून घेतलं.

वर्धापनदिन उजाडला. ताईंनी बेत सरळ ठेवला होता. टोमॅटोचं सूप, बटाट्याचा रस्सा, भात, तळलेले मासे. ज्या दोन पदार्थांनी नाक कापलं होतं तेच पुन्हा. बारा वाजायला आले तसे साहेब दोनदा दारात डोकावून गेले. आज बोलायला पेन नव्हतं, म्हणून दाराच्या कडीशी बोलले. "सगळं ठीक ना?"

सासूबाईंनी रस्सा जिभेवर घेतला. छताकडे बघितलं.

"मीठ कमी आहे."

ताईंनी मिठाची बरणी उघडली. मूठ भरली. आणि हात पातेल्यावर थांबला.

वास काही वेगळंच सांगत होता. गेले कित्येक दिवस त्यांना वास पुन्हा लख्ख येऊ लागले होते. सकाळी न्याहारी झालेली होती, पोट शांत होतं.

"एक चमचा," त्या म्हणाल्या. "एकच."

सासूबाईंनी डोळे बारीक केले, पण "हात!" म्हणाल्या नाहीत.

ताईंनी रस्सा जिभेवर घेतला. तो आंबट नव्हता, कडू नव्हता. बटाटा बटाट्यासारखा लागला, कांदा गोडसर, मसाला मागून हळूच आलेला. आणि मीठ जिथे असायला हवं बरोबर तिथे होतं. किती दिवसांनी भेटत होती ही चव! माहेरचं माणूस अचानक दारात उभं राहावं तशी. ताईंचे डोळे भरून आले.

त्यांनी मूठ पुन्हा बरणीत रिकामी केली.

"अगं, कमी आहे म्हणतेय ना मी!"

"बरोबर आहे, आई."

"साहेब, मालक, सगळा कारखाना जेवणार आहे. माझं ऐक."

"इतके दिवस ऐकलंच ना? पण आज नाही. तुमच्या जिभेला आता मीठ जास्त लागतं. गेल्या आठवड्यातही तुम्ही कमी म्हणालात, मी घातलं, आणि उस्तादने दोनदा पाणी मागितलं. तेव्हा माझी खात्री नव्हती. आज आहे."

भाजीवालीने सुरी खाली ठेवली. पंचवीस वर्षांत असं कोणी या बाईशी बोललं नव्हतं. सासूबाई खुर्चीवर नीट टेकून म्हणाल्या, "वाढ मग. राज्य तुझं आहे."

भोंगा झाला. रांग आली. पहिली ताटं गेली आणि कँटीनमध्ये शांतता पसरली. ताईंनी पळी थांबवून मान वर केली. मग लक्षात आलं, ही चांगली शांतता आहे. तोंडं भरलेली आहेत म्हणून कोणी बोलत नाहीये. उस्ताद ताट घेऊन परत आला. ताट चाटूनपुसून लख्ख.

"ताई," तो म्हणाला, "समजा एखादा माणूस मघाशी जेवलाच नाही असं धरून चाललं, तर त्याला रस्सा मिळतो का?"

त्याच्यामागे दुसरी रांग लागली, पहिलीपेक्षा लांब. आणि त्या रांगेत, वाटी पदराआड धरून, छताकडे न बघता, समोर सरळ बघत सासूबाई उभ्या होत्या.

त्यांच्यापर्यंत पळी आली तेव्हा ताईंनी वाटी काठोकाठ भरली.

आजच्या धांदलीत ताईंचं भोंग्याआधीचं जेवण मागे पडलं होतं, ते सगळ्यांचं वाढून होता होता त्यांना आठवलं. त्यांनी पळी भाजीवालीच्या हातात दिली, आपलं ताट घेतलं आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या. पहिला घास घेतला तोच साहेब लगबगीने आत आले. मागे मालक, हात पुसत.

"ताई, मालकांना तुम्हाला स्वतः सांगायचंय. ते डब्यांचं वगैरे काही नाही आता, विसरून जा! इकडे या ना जरा!"

ताई उठणार होत्या. सवयीने गुडघे हललेही. पण सासूबाईंची खुर्ची मध्ये आली होती, आणि खुर्चीत सासूबाई.

"ती जेवतेय," त्या म्हणाल्या. "बसा साहेब. तुम्हीही बसा मालक. सावकाश जेवते ती."

मालक चक्क बसले. साहेबही बसले. ताईंनी दुसरा घास घेतला, नीट चावला, आणि मग तिसरा.