पंख्याचा रिले

धाकटी मेहुणी गाडीला कंटाळली असती, तर भाऊजींना काय मिळालं असतं? एक, गाडी आठवडाभर त्यांच्याच ताब्यात. दोन, सीटला चिकटणाऱ्या साखरेच्या वासातून सुटका. आणि तीन, ‘आमची गाडी’ म्हणताना मागून कुणी खोकणार नाही. भाऊजींच्या लेखी तिसरा फायदा सगळ्यात मोठा होता.

गाडी सासऱ्यांची. जाताना ती त्यांनी दोघी मुलींना मिळून दिली. निम्मा आठवडा थोरलीकडे, म्हणजे भाऊजींकडे, आणि निम्मा धाकटीकडे. धाकटी केक करायची आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉटेलला पोचवायची. क्रीमचे केक, म्हणजे एसी लावल्याशिवाय गती नाही. भाऊजींचा तिच्यावर पहिल्यापासून संशय होता: पेट्रोल सामाईक, एसी सामाईक आणि धंदा मात्र एकटीचा. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलणाऱ्यांतले ते नव्हतेच, ते पाळत ठेवणाऱ्यांतले होते.

आता गाडीची मोडतोड करणं त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. शेवटी अर्धी गाडी बायकोचीच होती. त्यांनी बॉनेट उघडलं, फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला नकाशा पाहून एसीचा रिले उपटला. काडेपेटीपेक्षाही लहान, काळा चौकोन; तो नसला की वीज पुढे जात नाही. धाकटीची पाळी आली की तो भाऊजींच्या खिशात, आपली पाळी आली की जागेवर. एसी चालणार नाही, केक वितळतील, बाई स्वतःच म्हणेल की ठेवा तुमची गाडी तुमच्याकडे. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

धाकटीची तक्रार आली, पण भलतीच. मोकळ्या रस्त्यावर एसी छान गार असतो, सिग्नलला थांबलं की गरम हवा येते आणि इंजिनचा काटा वर चढतो.

भाऊजींनी तोंडावर काळजी आणली, पण मनात म्हणाले, चोर सापडला. रिले माझ्या खिशात असताना एसी गार कसा लागेल? ही खोटं बोलतेय. का बोलतेय, हे मात्र त्यांना उलगडेना. आणि हे खोटं उघडं पाडायचं, तर स्वतःचा खिसा उलटा करावा लागला असता. मग त्यांनी काट्याचा विषय पकडला. क्लच दाबून ठेवून गाडी चालवली की इंजिन तापणारच, असं थोरलीला सांगितलं. थोरलीने ते बहिणीपर्यंत पोचवलं. वर भाऊजींनी स्वतःच्या पाळीत गाडी मेकॅनिककडे नेऊन तपासूनही आणली. सगळं ठणठणीत. ‘आमच्याकडे तर काही होत नाही बाई,’ भाऊजी म्हणाले.

हे वाक्य धाकटीच्या डोक्यात रुतून बसलं. गाडीला वार कळतात की काय? तिनेही संशय धरला. घराणं एकच, तो गुण जावयाचीच मक्तेदारी कशी असेल!

हॉटेलवाल्याने तोवर निर्वाणीचं सांगितलं होतं. पुन्हा एकदा बसका केक आला, तर कायमची ऑर्डर दुसऱ्या बाईला. म्हणून गाडी ताब्यात येताच, केक भरण्याआधी, ती त्याच मेकॅनिककडे गेली.

त्याने इंजिन चालू ठेवून एसी लावला आणि रेडिएटरमागच्या पंख्याकडे पाहत राहिला. पंखा हलला नाही. गाडी धावते तेव्हा वाराच पंख्याचं काम करतो, त्याने समजावलं. उभी राहिली की पंखा लागतो, नाहीतर एसीतल्या गॅसचा दाब वाढतो आणि एसी स्वतःला वाचवायला बंद पडतो. हे असंच चालवलंत तर पुढचा नंबर इंजिनचा. मग त्याने फ्यूजची पेटी उघडली आणि त्याचा चेहरा बदलला.

‘दुसऱ्या गॅरेजला दाखवली होती का गाडी?’

‘नाही. का?’

‘परवा इथे रिले होता. मी स्वतः पाहिलाय. आता जागा रिकामी, आणि धूळसुद्धा नाही. रिलेला काही पंख नसतात, ताई. कुणाच्या तरी हाताची सवय आहे ही.’

आधी त्याला तिचाच संशय आला, मग तिचा चेहरा पाहून गेला. नवा रिले बसला, पंखा घरघरला. त्या दिवशीचा केक सगळे सिग्नल पार करून ताठ मानेने हॉटेलात उतरला.

पाळी बदलायच्या सकाळी धाकटीने किल्ली दिली आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबली. भाऊजी खाली गेले, बॉनेट उचललं, खिशातून रिले काढला. जागा भरलेली. त्यांनी हातातला रिले पाहिला, पेटीतला पाहिला, झाकण फिरवून पुन्हा नकाशा पाहिला. तेव्हा कुठे कळलं की इतके दिवस आपण झाकण उलटं धरत होतो.

‘तो एसीचा नाही, भाऊजी,’ मागोमाग उतरलेल्या धाकटीचा आवाज आला. ‘तो पंख्याचा. एसीचा त्या टोकाला आहे.’

‘मी नुसतं बघत होतो.’

‘बघा ना. हातातला कुठे बसतो तेही बघा.’

वर गॅलरीत थोरली कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं. ती खाली आली, नवऱ्याच्या हातातून किल्ली घेतली आणि बहिणीला दिली. ‘सगळा आठवडा तुझाच,’ म्हणाली. धाकटी नको नको म्हणत राहिली. थोरलीने ऐकलं नाही.

शेवटचा हिशोब असा: धाकटीला गाडी मिळाली, ऑर्डर राहिली. मेकॅनिकला गिऱ्हाईक मिळालं. भाऊजींचं काही गेलं नाही. चालणं तब्येतीला चांगलं, असं ते आता सगळ्यांना सांगतात आणि रिकाम्या हातांनी फिरून येतात. बाजाराच्या पिशव्या थोरली उचलते. बहिणीने गाडी शेजारी थांबवली, तरी ती बसत नाही. नवऱ्याची लाज तिने स्वतःच्या नावावर लिहून घेतली आहे.