पाच लाखांचे फाटके शीड

मित्रांनो, मला पाहून तुम्ही कदाचित हसाल. मी एका मासेमारी होडीचे जुने शीड आहे. माझे अर्धे आयुष्य उत्तर समुद्राच्या वाऱ्यात गेले आणि बरेचसे बटाट्यांच्या ढिगावर. तरीही एका श्रीमंत माणसाने माझे पाच लाख युरो देऊ केले होते, आणि त्यामुळेच माझ्यावर फाटून संपण्याची वेळ आली होती.

किनाऱ्यावरच्या एका माळ्यावर जाड कापडाचे पट्टे जोडून मला शिवले. मग ओक झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळले, म्हणून माझा रंग विटेसारखा लाल. ओनो नावाच्या कोळ्याने मला आपल्या होडीवर चढवले. आम्ही कोळंबी आणायचो आणि त्याची बायको विबके ती स्वयंपाकघरात सोलत बसायची.

एका नोव्हेंबरात वादळाने मला कडेपासून मध्यापर्यंत आडवे फाडले. उरलेल्या अंगावर वारा झेलत मी ओनोला घरी आणले. तो आठवडाभर तापाने फणफणला होता. त्याच्या उशाशी बसून विबकेने मला शिवले. तपकिरी दोरा संपला होता, म्हणून तिने पांढरा घेतला. त्यानंतर होडी सोडताना ओनो त्या शिवणीवर एकदा हात फिरवी. एवढे कौतुक मला पुरेसे होते.

पुढे होडीला इंजिन बसले आणि मी बटाट्यांचे पांघरूण झाले. शेजारच्या बकरीने माझा कोपरा खाल्ला, तेव्हा विबकेने जुन्या निळ्या एप्रनचा तुकडा लावला. ओनो वारला. त्यानंतर माझ्याकडे कोणी नीट पाहिलेही नाही.

एके दिवशी आल्मुट नावाची चित्रकार बटाटे घ्यायला आली आणि माझ्याकडेच बघत राहिली.

"आजी, हे विकता का?"

"ते? बटाट्यांवरचं फडकं ते. ने तसंच."

आल्मुटने बळेच चाळीस युरो विबकेच्या हातात ठेवले.

घरी नेल्यावर आल्मुटने मला रंग लावला नाही. फक्त धुतले, आणि शहरातल्या संग्रहालयात एका उंच दांड्याला टांगले. एका श्रीमंत संग्राहकाने पाच लाख युरो देऊ केले, आणि मग माझ्यासमोर रोज वाद होऊ लागले. कोणी म्हणे, ती पांढरी रेषा म्हणजे क्षितिज. कोणी म्हणे, निळा चौकोन म्हणजे देवासाठी सोडलेली खिडकी. एक जण तर भडकला. "असलं काहीतरी माझी आई रोज दोरीवर वाळत घालते! तिला द्या की पाच लाख!"

खरे सांगू? लोकांनी पाहिलेले मला आवडत होते. पण माझ्याच वजनाने विबकेची शिवण ताणली जात होती. दर दोन-तीन दिवसांनी एक धागा तुटे.

आल्मुटने ते संग्रहालयाचे संचालक यिर्गेन्स यांना दाखवले. ते घाबरले. "सौदा होईपर्यंत हात लावू नका! एवढ्या किमतीच्या वस्तूला सुई लावायची म्हणजे खेळ वाटला का?"

मला विकत घ्यायला निघालेले ते श्रीमंत गृहस्थ, फाल्केनराट, मात्र खूश होते. "फाटू द्या. हळूहळू फाटणं हाच त्याचा अर्थ आहे. त्याचेच तर पैसे देतोय मी."

आल्मुटने सौदा मोडला नाही. तीन वर्षांत तिचे एकही चित्र विकले गेले नव्हते. कामाची जागाही हातची जाणार होती.

सौद्याच्या सहीच्या दिवशी विबके बसने शहरात आली. गावाने तिला भंडावून सोडले होते. "विबके, आता बटाटे बघायलाही तिकीट लाव!" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग जवळ आली.

"अगं बाई, हे सुटतंय!" तिने पिशवीतून सुई काढली.

"आजी, मागे व्हा!" यिर्गेन्स धावले. "पाच लाखांची वस्तू आहे ती!"

"असेल. फाटली की पाच लाखांची चिंधी होईल."

फाल्केनराट शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या लक्षात येत नाहीये. हे क्षितिज आहे. ते तुटतंय."

"कसलं क्षितिज? माझी शिवण आहे ती. नवरा तापात बरळत होता, माझे हात कापत होते, म्हणून अशी वाकडी आलीय. आणि तो निळा चौकोन म्हणजे बकरीनं खाल्लेल्या कोपऱ्यावरचं ठिगळ. त्याचे किती लावलेत?"

कोणीतरी हसले. फाल्केनराट हसले नाहीत. "तुम्ही हे बटाट्यांवर टाकलं होतंत. ही आल्मुट आली नसती तर कुजून गेलं असतं. मग किंमत कोणामुळे आली?"

 विबकेने मान वर करून मला पुन्हा पाहिले.

"हे मात्र खरं," ती सावकाश म्हणाली. "इतकी वर्षं याच्याखालून बटाटे काढले, पण असं कधी पाहिलं नाही. पोरी, ते तू दाखवलंस. पण हे कुणी शिवलं, ते तू एकदाही विचारलं नाहीस."

आल्मुटची मान खाली गेली.

तेवढ्यात चर्र असा आवाज झाला. मी वीतभर उसवले. आता माझा सगळा भार चार-सहा टाक्यांवर होता.

फाल्केनराट यांनी पेनाचे टोपण लावले. "यात एक टाका जरी पडला, तरी मी सही करणार नाही."

सगळे आल्मुटकडे पाहू लागले. टेबलावर सौद्याचा कागद तयार होता. तिने त्याच्याकडे एकदा पाहिले.

"आजी," ती म्हणाली, "दोरा कुठल्या रंगाचा लागेल?"

"असेल तो चालेल. आधी खाली घे त्याला!"

फाल्केनराट निघून गेले.  आल्मुटने मला खाली उतरवून फरशीवर पसरले. विबकेने सुई टोचली, पण म्हाताऱ्या बोटांनी ती जाड कापडातून जाईना. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा बोटातून रक्त आले.

"माझ्यानं होत नाही गं. तू घे."

आल्मुटचा पहिला टाका वाकडा पडला. "उसव," विबके म्हणाली. दुसराही उसवायला लावला. तिसरा टाका मात्र धरला.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने लिहिले, कलाकृतीचा नाश झाला. दुसऱ्याने लिहिले, ती आता कुठे पूर्ण झाली. आल्मुटची जागा गेलीच. ती आता एका लहानशा खोलीत राहते आणि मी तिच्या भिंतीवर आहे. माझी किंमत हल्ली कोणी विचारत नाही.

मित्रांनो, माझा अर्थ काय, यावर खुशाल भांडा. पण एखादी वस्तू पाहताना तिला कुणी जपले, हेही विचारा. आणि ती तुमच्यासमोर उसवत असेल, तर किंमत ठरेपर्यंत थांबू नका. मला तेवढा वेळ नव्हता.